पंधराव्या वर्षाचा गूळ

वरवट बकालच्या स्टँडवर उतरलेला माणूस अन्नपूर्णाबाईंच्या हातची कचोरी खाल्ल्याशिवाय सहसा पुढं जात नसे. टिनाचं शेड, दोन बाकडी, एक मोठी कढई आणि कढईमागं उभ्या अन्नपूर्णाबाई. रुंद, हसऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. कुणी एकच प्लेट मागितली तर त्यांना वाईट वाटायचं. "एकच? तब्येत बरी नाई का, भाऊ?" असं त्या मनापासून विचारायच्या.

माणसानं पोटभर खावं आणि अंगानं भरावं, यापलीकडे जगाकडून त्यांना फारसं काही नको होतं. त्याला कारणही तसंच होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर आठव्याच महिन्यात जन्मला. वजन एक किलो चारशे ग्रॅम. अकोल्याच्या दवाखान्यात तो छत्तीस दिवस काचेच्या पेटीत होता. नर्सच्या तळहातावर मावायचा. सदतिसाव्या दिवशी त्याला घेऊन घरी येताना अन्नपूर्णाबाई शेगावला उतरल्या आणि महाराजांच्या समाधीपुढं हात जोडून म्हणाल्या, "महाराज, लेकरू जगू द्या. पंधरा वर्षाचं होईस्तोवर दर वाढदिवसाले त्याच्या भारोभार गूळ वाटीन."

त्यांचे यजमान हिंमतराव शेजारीच उभे होते. तीन एकरात वांगी, गवार, कोथिंबीर पिकवणारा हा माणूस मुळातच कमी बोलायचा. तेव्हाही त्यानं नुसते हात जोडले.

पहिल्या वाढदिवसाला साडेसात किलो गूळ लागला. बाजारात किसनरावांचं भुसार दुकान होतं, तिथं धान्य तोलायचा जुना मोठा तराजू आढ्याला टांगलेला असायचा. एका पारड्यात शेखर, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. शेखरचं पारडं खाली टेकलं की अन्नपूर्णाबाईंचे डोळे भरून यायचे. मग दर नोव्हेंबरात हा सोहळा ठरलेलाच. सगळा बाजार गोळा व्हायचा. पारडं जेवढं जड तेवढा गावाला गूळ जास्त, त्यामुळे लोकही मनापासून शेखरच्या तब्येतीची वाट बघायचे. पाचव्या वर्षी अठरा किलो, आठव्या वर्षी चौतीस. "पोरगं मानलं पाह्यजे, बाई!" असं कुणी म्हटलं की अन्नपूर्णाबाई घरी गेल्यावर आधी मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायच्या आणि मग वाटीभर शिरा करायच्या.

सहावीपासून शेखर शाळा सुटली की टपरीच्या मागच्या बाकावर येऊन बसू लागला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात कचोरी. प्लेट रिकामी दिसली की अन्नपूर्णाबाई झारा तिकडे वळवायच्या. तो काय खातोय ते बघत नसे, त्या किती वाढतायत ते मोजत नसत.

चौदाव्या वाढदिवसाला मात्र पारडं काही केल्या हलेना. किसनरावांनी आणखी एक भेली ठेवली, आणखी एक ठेवली. लोक मोठमोठ्यानं मोजू लागले. शेवटी त्र्याऐंशी किलोवर दांडी सरळ झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेखरच्याच वर्गातला गोकुळ मोबाईल उंच धरून चित्रीकरण करत होता. तो ओरडला, "क्विंटलले फक्त सतरा कमी!"

बाजार हसला. अन्नपूर्णाबाईही हसल्या. एक किलो चारशे ग्रॅमचं पोर कुठं पोचलं, या आनंदात त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसल्या. शेखर पारड्यातून उतरला, वर सरकलेला शर्ट खाली ओढला आणि गुळाचा खडा तोंडात न टाकताच घरी निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव 'क्विंटल' पडलं. अन्नपूर्णाबाईंना याचा पत्ताच नव्हता.

जूनमध्ये शेखर नववीत गेला आणि शाळेत सारिका मॅडम नव्यानं आल्या. खेळाच्या शिक्षिका, राहणार नांदुऱ्याच्या. एका दुपारी त्या टपरीवर आल्या. शेखरच्या मॅडम म्हटल्यावर अन्नपूर्णाबाईंनी बाकडं पदरानं पुसलं, दोन कचोऱ्या पुढं ठेवल्या आणि कौतुक ऐकायला तयार होऊन उभ्या राहिल्या.

"बाई, शेखर गुणी मुलगा आहे," मॅडम म्हणाल्या. "पण काल मैदानाची एक फेरी मारायला सांगितली, तर अर्ध्यातच खाली बसला. धाप लागली होती. त्याचं वजन वयाच्या मानानं फार आहे."

"मॅडम, पोराले नजर नका लावू," अन्नपूर्णाबाई एकदम म्हणाल्या.

"नजर नाही हो. या वयात असं वजन वाढलं तर पुढं साखर, बीपी मागं लागतं. आणि आत्ताच त्याला पळता येत नाही, त्याचं काय?"

"पळून कुठी जाचं हाय त्याले? चोर हाय का तो?"

मॅडम हसल्या, अर्धी कचोरी खाल्ली, छान झाल्याचं सांगितलं आणि गेल्या. उरलेल्या दीड कचोरीकडे अन्नपूर्णाबाई बराच वेळ रागानं बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी शेखरला गाठलं. "काऊन रे, त्या तुह्या मॅडम काईबाई सांगून राह्यल्या. तुले दम लागते म्हणे?"

"हाव. लागते."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

शेखरनं मोबाईलवरून नजर उचलली. "तुले काय सांगू? तू तं हासली होती."

"मी? मी कवा हासली?"

"काट्यावर. सगळ्यायसंग."

अन्नपूर्णाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. शेखर उठता उठता म्हणाला, "यंदा मी त्या काट्यावर बसणार नाई. आत्ताच सांगून ठेवतो."

"अरे, नवस हाय बाप्पा! शेवटचं वर्ष हाय!"

पण तो आत गेला होता.

त्या रात्री अन्नपूर्णाबाई जेवल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात तीन-चारदाच घडलं असेल. मुलगा आणि महाराज, दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी, हे त्यांना कळत नव्हतं. आपण हसलो होतो, हे मात्र त्यांना आता पुन्हा पुन्हा दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी शेखर पहाटे उठला आणि हिंमतरावांबरोबर शेतात निघाला. शेत गावापासून अडीच किलोमीटर. "गाडीवर जा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पायी जातो," शेखर म्हणाला. हिंमतरावांनी गाडीची किल्ली खुंटीला परत अडकवली आणि तेही चालू लागले.

मग हे रोजचंच झालं. सकाळी शेत, तिथून आंघोळ करून शाळा. टपरीवर येणं बंद. कचोरीला नाही, भज्याला नाही, सकाळच्या पोह्यांतही तर्री नको. सगळ्या स्टँडला खाऊ घालणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरानं 'नको' म्हणावं, हे फार लागलं. पण अन्नपूर्णाबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या शेताच्या डब्यात पोळ्यांच्या घड्यांमधून तूप सोडू लागल्या. वरणात लोण्याचा गोळा विरघळवू लागल्या. भाजीच्या खाली दोन कचोऱ्या दडवू लागल्या. डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा आणि त्यांना बरं वाटायचं.

दोन महिने गेले. पोळ्याच्या सणाला हिंमतरावांनी ठेवणीतली पँट काढली, तर बटण लागेना. त्यांनी श्वास आत ओढला, पोट दाबलं, शेवटी ते धोतर नेसले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शेखरकडे पाहिलं. शेखरची पँट कमरेत सैल झाली होती आणि घोट्यावरून वर गेली होती. हे गणित काही जुळेना.

सण सरल्यावर एके दिवशी पहाटे त्यांनी कढई शेजारच्या चांगुणाबाईंच्या हवाली केली आणि बापलेकांच्या मागोमाग शेताचा रस्ता धरला. अडीच किलोमीटरमध्ये त्यांना चारदा थांबावं लागलं. एकदा तर त्या पुलाच्या कठड्यावर चक्क बसल्या. आपल्याला कधीपासून असा दम लागतोय, हे त्यांना आठवेना. टपरी ते घर, घर ते टपरी, यापलीकडे त्या कुठं चालल्याच नव्हत्या.

शेताजवळ पोचल्या आणि तुरीच्या आडून त्यांनी पाहिलं. शेतांमधल्या पांदणीच्या वाटेवर, बाभळीपासून विहिरीपर्यंत शेखर पळत होता. अंगात शाळेचा जुना टी-शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. विहिरीला हात लावायचा, वळायचा, पुन्हा पळायचा. हिंमतराव बांधावर बसून मोठ्यानं मोजत होते, "अकरा! ... चाल, बारा!" त्यांच्या मांडीवर डबा उघडा होता आणि हातात कचोरी होती.

तेराव्या फेरीला शेखरचा पाय चिखलात सटकला आणि तो पालथा पडला. अन्नपूर्णाबाई तुरीतून बाहेर पडणार, एवढ्यात शेखर उठून बसला. नाकाला चिखल, कपाळाला चिखल. त्यानं बापाकडे पाहिलं आणि खदखदून हसला. "बाबा, ही मोजा बरं का! ही पण फेरी झाली!"

वर्ष होत आलं होतं. इतक्या दिवसांत त्याला असं हसताना अन्नपूर्णाबाईंनी पाहिलं नव्हतं. पोरगं हसत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या तशाच बाहेर आल्या.

हिंमतरावांच्या घशात कचोरी अडकली. "अवं... तू? अशी काऊन आली?"

"तुमी खाऊन राह्यले का माह्या लेकराचा डबा?"

"टाकून कसं देऊ मी?" हिंमतराव कळवळून म्हणाले. "अन्न हाय ते. तोच म्हणते, बाबा, आईले वाईट वाटते, तुमी खा. दोन महिने झाले खाऊन राह्यलो. आता मलेच नाई होत, अन्नपूर्णे." लग्नानंतर त्यांनी एका दमात केलेलं हे सर्वांत लांब भाषण असावं.

अन्नपूर्णाबाईंनी रागवायचं ठरवलं होतं, पण त्यांना हसूच आवरेना. मग त्या शेखरकडे वळल्या आणि पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसू लागल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "त्या दिवशी मी हासली, ते तुह्यावर नाई रे हासली. मले लय आनंद झाला होता म्हणून हासली. पण तुले कसं वाटन, हे माह्या ध्यानातच आलं नाई. चुकलं माह्यं."

"जाऊ दे ना, आई," शेखर म्हणाला. मग टी-शर्टवरचा चिखल झटकत, "पण काट्यावर नाई बसणार."

"नको बसू," त्या म्हणाल्या. महाराजांना काय सांगायचं ते पुढं बघू, असं मनाशी म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या शाळेत गेल्या. सारिका मॅडम दुसऱ्या मजल्यावर होत्या. जिना चढून गेल्यावर अन्नपूर्णाबाईंना दारातच उभं राहावं लागलं, बोलायला श्वासच पुरेना. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम," शेवटी त्या म्हणाल्या, "मी पोराले काय खाऊ घालू, ते सांगा. उपाशी ठेवा म्हणसान तं मले नाई जमणार."

"उपाशी अजिबात नाही ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. "वाढीचं वय आहे त्याचं. उंची वाढतेय. वजन एका जागी थांबलं तरी पुष्कळ झालं. आणि दर आठ दिवसांनी काट्यावर उभं करू नका त्याला. किती पळतो, झोप नीट लागते का, शाळेत ताजातवाना असतो का, ते बघा. तुमच्या आई काय करत होत्या घरी जेवायला?"

अन्नपूर्णाबाईंनी आठवलं. "ज्वारीची भाकर. अंबाडीची भाजी. तुरीचं वरण. कवा उडदाचं घुटं, कवा ठेचा. ताक."

"मग?" मॅडम म्हणाल्या. "हेच तर सांगणार होते."

"अन् कचोरी?"

"रविवारी. मलाही एक ठेवा."

त्यानंतर घरात भाकरी आली. हिंमतरावांची सुटका झाली. पहाटेच्या चालण्यात अन्नपूर्णाबाईही सामील झाल्या. आधी पुलापर्यंत, मग चिंचेपर्यंत, दिवाळीच्या सुमारास थेट शेतापर्यंत. वाटेत त्या अखंड बोलायच्या, त्यामुळे दम जास्त लागायचा, पण न बोलता चालणं त्यांना जमणारं नव्हतं. टपरीवर कचोरीच्या शेजारी मोड आलेल्या मुगाची उसळही दिसू लागली. ती फारशी खपत नसे, तरी त्या रोज करत आणि उरलेली आग्रहानं वाढत.

नोव्हेंबर आला. वाढदिवसाच्या आठ दिवस आधीपासून लोक विचारू लागले, "काय बाई, यंदा क्विंटल भरते का नाई?" अन्नपूर्णाबाई नुसत्या म्हणायच्या, "या ना बाजारात. पाहा."

शेखरनं हे ऐकलं आणि तो धास्तावला. वाढदिवसाच्या दिवशी शाळा सुटल्यावर तो बाजाराच्या वाटेनं न येता शेताकडून लांबच्या रस्त्यानं निघाला. पण अर्ध्या वाटेत गोकुळ सायकल हाणत आला. "क्विंट... शेखर! अबे चाल लौकर! तुही आई काट्यावर बसून राह्यली!"

शेखर पळत सुटला. वेशीपासून बाजारापर्यंत कुठंही न थांबता पळाला. किसनरावांच्या दुकानापुढं ही गर्दी! गर्दीच्या मधोमध, पारड्यात, हिरव्या नऊवारीत अन्नपूर्णाबाई मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरल्या होत्या. हिंमतराव पारड्याला टेकू देत उभे होते आणि किसनराव डोकं खाजवत होते.

"बाई, पण नवस तं पोराच्या वजनाचा होता," किसनराव म्हणत होते.

"नवस मी केला, का पोरानं केला?"

"तुमीच. पण..."

"अन् तो आठ महिने माह्या पोटात होता, तवा आमचं वजन कोणी वेगळं मोजलं होतं का? तवा दोघं एकाच काट्यावर होतो. शेवटचं वर्ष हाय. महाराजायले मी सांगून आली शेगावले जाऊन. त्यायची काई तक्रार नाई. तुमची हाय का?"

किसनरावांची तक्रार नव्हती. ते भेल्या ठेवू लागले. साठ झाले, सत्तर झाले. लोक सवयीनं मोजू लागले. पारडं अजून जमिनीलाच. ऐंशी झाले. कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळा बाजार हसला. अन्नपूर्णाबाईही हसल्या, आणि यावेळी कुणावर हसायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. गोकुळनं सायकल टाकून मोबाईल वर धरला, मग शेखरला बघून पटकन खाली घेतला.

"अरे, काढ ना!" अन्नपूर्णाबाई पारड्यातून ओरडल्या. "चांगला काढ! बांगड्या दिसू दे. नव्या हायेत!"

शेखर धापा टाकत पुढं आला. आईची नजर त्याच्यावर गेली. तिला वाटलं, आता हा रागावणार. पण त्यानं किसनरावांच्या नोकराच्या हातातली भेली घेतली, खांद्यावर चढवली आणि स्वतः पारड्यात ठेवली. मग आणखी एक. ब्याण्णव किलोवर पारडं अलगद उचललं गेलं आणि अन्नपूर्णाबाई हवेत तरंगू लागल्या. त्यांनी "अगं माय!" म्हणून साखळ्या आणखी घट्ट धरल्या. टाळ्या थांबेनात.

"बस झालं, उतरवा मले!" त्या म्हणाल्या. शेखरनं हात पुढं केला. त्या उतरल्या आणि खाली उतरूनही तो हात त्यांनी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

गूळ शेखरनं वाटला. गोकुळच्या हातावर त्यानं मोठा खडा ठेवला, तेव्हा गोकुळ खाली बघत म्हणाला, "मी येऊ का बे उद्यापासून? पांदणीत पळायले?"

"पाचले उठा लागते," शेखर म्हणाला.

"उठतो ना."

"मंग ये."

शेखरचं वजन त्या दिवशी कुणी केलं नाही, आणि कुणाला विचारायचं सुचलंही नाही.

जानेवारीत शाळेच्या क्रीडास्पर्धा झाल्या. आठशे मीटरच्या शर्यतीत शेखरचं नाव होतं. त्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी टपरीला कुलूप लावलं, हे पाहून एका ड्रायव्हरनं बाईंच्या घरी काही बरंवाईट तर झालं नाही ना, म्हणून चौकशी केली. मैदानाच्या कडेला त्या आणि हिंमतराव ऊन डोक्यावर घेत उभे राहिले. पहिल्या फेरीला शेखर सगळ्यांत मागं होता. दुसऱ्या फेरीला त्यानं एकाला गाठलं. शेवटच्या वळणावर आणखी एकाला. गोकुळ केव्हाच पुढं निघून तिसरा आला होता आणि रेषेपाशी उभा राहून शेखरच्या नावानं ओरडत होता. हिंमतराव, जे कधी कुठं ओरडले नव्हते, ते दोन्ही हात वर करून ओरडत होते. अन्नपूर्णाबाई दोरीच्या आतून त्याच्याबरोबर चक्क दहा-बारा पावलं पळाल्या, शेवटी सारिका मॅडमनी त्यांना धरून मागं आणलं.

शेखर रेषा ओलांडून गेला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. बसला नाही. मग त्यानं मान वर करून आईकडे पाहिलं आणि पंजे नाचवून काहीतरी खूण केली, ती तिला कळली नाही, पण तिनंही तशीच खूण केली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पहिल्या एस.टी.पासून शेवटच्या एस.टी.पर्यंत एकच विषय होता.

"माहा शेखर नववा आला, भाऊ!"

"वा! किती जणायमंदी, बाई?"

"अकरा," अन्नपूर्णाबाई ताठ मानेनं म्हणायच्या आणि न मागता प्लेटमध्ये चमचाभर उसळ वाढायच्या.